डबीतले दोन शेजारी

मित्रांनो, मला उघडायचे असेल तर डाव्या अंगठ्याने खालची कड दाबून धरा आणि उजव्या अंगठ्याने झाकण वर ढकला. नुसती ओढाताण केलीत तर मी दाद देणार नाही. पत्र्याची का असेना, मलाही माझा स्वभाव आहे. माझ्या एका कोपऱ्याला पोचा आला आहे, झाकणावरची हिरवी पाने कधीच पुसली गेली आहेत, आणि आत नाक घातलेत तर तुम्हाला दोन-तीन निरनिराळे वास येतील. त्या वासांचीच ही गोष्ट आहे.

एका मोठ्या पत्र्यावर माझ्यासारख्या कितीतरी डब्यांची झाकणे एकदम छापली होती. यंत्राने धाडकन आम्हाला कापून वेगळे केले, दुसऱ्या यंत्राने कडा दुमडल्या. रांगेच्या शेवटी एक बाई बसली होती. ती प्रत्येक डबीच्या कडेवरून बोट फिरवून बघायची, कुठे धार राहिली आहे का ते. तिच्या बोटांना बारीक बारीक चिरा पडलेल्या होत्या, पण माझ्यामुळे तिला चीर पडली नाही, याचे मला अजून समाधान आहे. मग माझ्यात पेपरमिंटच्या वड्या भरल्या आणि मी एका दुकानाच्या काचेमागे जाऊन बसले.

त्या दुकानाची पाटी रंगवायला एक पेंटर आला होता. त्याला सगळे पेंटरच म्हणत. घरी बायकोचा राग अनावर झाला, की तीसुद्धा ‘ओ पेंटर!’ अशी हाक मारायची. पाटी इतकी सुरेख झाली, की दुकानदाराने खूश होऊन मला त्याच्या हातात ठेवले. वड्या त्याने दोन दिवसांत फस्त केल्या. मला मात्र टाकले नाही, कारण मी त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशात अशी चपखल बसले, की जणू शिंप्याने माझेच माप घेऊन खिसा शिवला होता.

त्या खिशात बसून मी त्याचे काम पाहिले. पाहिले म्हणजे काय, खरे तर ऐकले. खडू लावलेली दोरी तो फळ्यावर ताणून धरायचा आणि फटकन सोडायचा. तिची पांढरी रेघ उमटली, की तिच्याखाली एकेक अक्षर उतरायचे. सगळी अक्षरे झाली, की सर्वांत शेवटी शिरोरेषा. तेव्हा तो हात टेकवायची काठी नीट लावायचा, छातीभर श्वास घ्यायचा, तो आत रोखून धरायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ब्रश एका दमात ओढून न्यायचा. मध्ये थांबणे नाही, पुन्हा रंग घेणे नाही. माझी पाठ त्याच्या छातीला टेकलेली असायची. त्या वेळी छाती अगदी स्थिर व्हायची आणि मला फक्त हृदयाचे ठोके लागायचे, सावकाश, एकसारखे. रेघ संपली की तो हुश्श करायचा आणि रस्त्यावरचे बघे माना डोलवायचे. त्याच्यासारखी शिरोरेषा कुणालाच जमत नाही असे लोक म्हणत, आणि ते ऐकून मीही उगाच ताठ व्हायचे.

पेपरमिंट संपल्यावर माझ्यात सिगारेटी आल्या. मला विचारून कुणी काही ठेवत नाही. कचेऱ्या, नाट्यगृहे, इस्पितळे, सगळीकडून पेंटरला एक काम हमखास यायचे, ते म्हणजे ‘येथे धूम्रपान करू नये’ ही पाटी. अशा पाट्या त्याने किती रंगवल्या याची गणतीच नाही, आणि त्यातली प्रत्येक पाटी रंगवताना त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात सिगारेट जळत असायची. धुराने एक डोळा अर्धा मिटलेला आणि हात मात्र झोकदार ‘धू’ काढतोय. लोक हसायचे. तो म्हणायचा, “मी पाट्या रंगवतो, वाचत नाही!”

असे हसतखेळत बरेच दिवस गेले. मग त्याच्या छातीत शिट्टी वाजू लागली. आधी शिडी चढताना, मग जिना चढताना, पुढे पुढे बुटाची नाडी बांधायला वाकले तरी. एकदा एका लांब पाटीची शिरोरेषा ओढताना श्वास अर्ध्यावरच संपला. खोकल्याची उबळ आली आणि ब्रश खाली घसरून ‘ळ’ला शेपूट फुटले. त्याने टर्पेंटाइनच्या बोळ्याने ते पुसले खरे, पण त्याचा चेहरा पडला तो पडलाच.

बायकोने त्याला जवळजवळ ढकलतच दवाखान्यात नेले. छातीच्या त्या डॉक्टरबाई पेंटरच्या ओळखीच्याच होत्या. त्यांच्या दवाखान्याच्या पाट्या त्यानेच रंगवल्या होत्या, आणि त्यातली एक तर त्यांच्या खुर्चीच्या बरोबर वर टांगलेली होती. कुठली, ते तुम्ही ओळखलेच असेल.

“पेंटरकाका, सिगारेट ओढता का हो?” डॉक्टरबाईंनी विचारले.

पेंटरने वर पाहिले. स्वतःचीच निळी, टपोरी अक्षरे त्याच्याकडे रोखून बघत होती. त्या पाटीसमोर बसून ‘हो’ म्हणायला त्याची जीभच रेटेना.

“छे छे! कधीच नाही.”

“बरं. खिशात काय आहे? काढून ठेवता? छाती ऐकायची आहे.”

“पेपरमिंट आहेत,” असे म्हणून त्याने मला घाईघाईने पँटच्या खिशात कोंबले. मित्रांनो, त्या वेळी माझ्यात काय होते ते मला माहीत होते. पण डबीला तोंड असून बोलता येत नाही. त्याच्या कपड्यांना टर्पेंटाइनचा वासही इतका यायचा, की त्याखाली दुसरा कुठलाच वास कुणाला सापडला नसता.

घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितले, “आजपासून सिगारेट बंद!” तिला कोण आनंद झाला! तिने ॲशट्रे घासूनपुसून लख्ख केला आणि त्यात शिवणाच्या टाचण्या ठेवल्या. पेंटर त्या टाचण्यांकडे बघत नसे. घरात तो खरेच ओढायचा नाही. शिडीवर मात्र ओढायचा.

डॉक्टरबाईंनी त्याला श्वासाबरोबर औषध आत ओढायचा पंप दिला आणि एक गोळी दिली. गोळीचे नाव होते थिओफिलिन. “ही गोळी अख्खी गिळायची,” त्या म्हणाल्या. “तोडायची नाही, चावायची नाही, कुटायची तर मुळीच नाही. ती पोटात हळूहळू विरघळते आणि दिवसभर पुरते. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. आणि श्वास लागला म्हणून आपल्या मनाने जास्तीची तर कधीच घ्यायची नाही. कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर थेट हृदयाला त्रास. शिडीच्या पायरीवर जेवढी पाय ठेवायला जागा असते ना, तेवढीच हिची जागा समजा.”

पेंटरने मान डोलावली. मग घरी येऊन पुठ्ठ्याचा एक तुकडा कापला आणि तो माझ्यात उभा बसवला. गोळ्यांची पट्टी माझ्यात मावेना, म्हणून तीही कात्रीने दोन्हीकडून छाटली. डावीकडे गोळ्या, उजवीकडे सिगारेटी. असे माझ्या पोटात दोन शेजारी राहू लागले. एक श्वासाची वाट मोकळी करणारा आणि एक ती बुजवणारा. मधे नुसता पुठ्ठा! बायकोला तो सांगायचा, “ही आता औषधाची डबी आहे, हिला हात लावू नकोस.” ती बिचारी कधी लावायची नाही.

काही महिन्यांनी डॉक्टरबाईंनी त्याचे रक्त तपासले. “औषध रक्तात पुरेसं दिसत नाही. गोळ्या चुकवता का, काका?”

“एकही नाही.” हे मात्र अगदी खरे होते.

“नवलच आहे,” असे म्हणून त्यांनी थोडा विचार केला आणि गोळीचे प्रमाण वाढवले. पुढच्या तपासणीतही पुन्हा तेच झाले, तेव्हा त्यांनी आणखी थोडे वाढवले. मला तेव्हा यातले काही कळले नाही. रक्तात काय चालले आहे ते पत्र्याला कुठून कळणार?

आता मुंगीबद्दल सांगते. मुंगी म्हणजे पेंटरच्या लेकीची लेक. दिवसभर इकडची वस्तू तिकडे नेत असते, म्हणून तिचे नाव मुंगी. तिचे आईवडील कामावर जात आणि ती आजीआजोबांकडे असायची. गोळीच्या वेळी आजोबांना डबी आणि पाणी नेऊन देण्याचे काम तिने आपणहून घेतले होते. पेंटर आधी कुरकुरला, पण नाही म्हणायला काही कारण सापडेना. माझे झाकण उघडण्याची युक्ती त्या चिमुरडीने एका दिवसात शिकून घेतली. तिचे इवलेसे अंगठे लागले की मीही उगाच अडून बसत नसे.

एक दिवस तिने पुठ्ठ्याच्या पलीकडे पाहिले. “आजोबा, ही पण औषधं आहेत?”

पेंटरने स्वयंपाकघराकडे एक चोरटी नजर टाकली. आत बायको भांडी लावत होती. “हो हो,” तो हळूच म्हणाला, “तीही औषधंच. पण मोठ्यांची. कुणाला सांगायचं नाही हं.”

दुसऱ्या दिवशी तो दुपारचा घरी आला, तर मुंगी पायरीवर बसलेली. ओठांच्या कोपऱ्यात खडूची लांब कांडी, एक डोळा अर्धा मिटलेला. बाहुलीच्या तोंडावर तिने ‘फूऽऽ’ केले आणि म्हणाली, “मी मोठी झाले. मी आजोबांचं औषध घेतेय.”

माझी पाठ पेंटरच्या छातीला टेकलेली होती. मित्रांनो, मी सांगते, एक ठोका चुकला. मग दोन एकदम आले. त्याने तिच्या तोंडातला खडू काढून घेतला, तिचे ओठ आपल्या शर्टाच्या टोकाने पुसले आणि तिला उचलून घेतले. त्याच दिवशी उजवीकडचे सगळे भाडेकरू त्याने ब्रश धुवायच्या डब्यात बुडवले, पुठ्ठा फाडून फेकला आणि कानाला खडा लावला. या खेपेला अगदी खराखुरा.

सिगारेट सोडणे किती कठीण असते ते मी फार जवळून पाहिले. त्याचा हात सवयीने खिशाकडे यायचा, मला चाचपायचा आणि रिकामाच परत जायचा. तो लवंग चघळायचा, चिडचिड करायचा, आणि हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून काळ्या कॉफीचे पेल्यामागून पेले रिचवायचा. पण खरी पंचाईत वेगळीच होती. बायकोच्या लेखी त्याने सिगारेट केव्हाच सोडली होती. डॉक्टरबाईंच्या लेखी त्याने ती कधी ओढलीच नव्हती. मग आता सोडली, हे त्याने सांगायचे तरी कुणाला? एवढी मोठी लढाई चालली होती आणि पाठीवर थाप मारायला एक माणूस नव्हता. एकदा तो आरशासमोर उभा राहून स्वतःलाच म्हणाला, “शाबास, पेंटर.” मी ऐकले. मला फार वाईट वाटले.

सुरुवातीला सगळे छान झाले. खोकला कमी झाला, जिना चढताना शिट्टी वाजेना. मग हळूहळू काहीतरी बिनसू लागले. त्याला मळमळायचे, ताट पुढे आले की तो तोंड फिरवायचा. डोके दुखायचे, झोप उडाली होती. आणि माझ्या पाठीला लागणारे ठोके, जे मला इतक्या वर्षांपासून तोंडपाठ होते, ते धावू लागले. बायको म्हणायची, “अहो, किती ती कॉफी! जरा डॉक्टरबाईंना दाखवून या.” तो म्हणायचा, “काही नाही गं, वयाचं आहे.” मनात मात्र त्याची पक्की खात्री होती, की हा सगळा सिगारेट सोडल्याचा त्रास आहे, तो आपण केलेल्या लबाडीची शिक्षा म्हणून निमूटपणे सोसला पाहिजे. आणि गोळी? ती मात्र तो अगदी इमानेइतबारे, वाढवलेल्या प्रमाणात, रोजच्या रोज घेत होता.

एका बेकरीची पाटी होती. शिरोरेषेची वेळ आली. त्याने श्वास घेतला आणि काय आश्चर्य, श्वास पुरला! किती दिवसांनी पुरला! पण रेघ पाहिली तर ती वेडीवाकडी, थरथरलेली. श्वास आला होता आणि हात गेला होता. बेकरीवाला गमतीने म्हणाला, “पेंटर, तुमच्या अक्षरांना थंडी वाजतेय का?” पेंटर हसला नाही. त्याने सगळी पाटी पुसली, ‘उद्या येतो’ म्हणाला आणि घरी आला.

घरी खुर्चीत बसला तोच ठोके असे उधळले, की मी खिशात हादरू लागले. त्याला वाटले, दम्याचा झटकाच आला. “आणखी एक गोळी घेतो, म्हणजे थांबेल,” असे पुटपुटत त्याने मला बाहेर काढले. डाव्या अंगठ्याने कड दाबायला गेला, अंगठा घसरला. उजव्याने झाकण ढकलायला गेला, तोही घसरला. हात असे लटलट कापत होते, की मी उघडणे शक्यच नव्हते. आयुष्यभर या अडणाऱ्या झाकणावरून मी बोलणी खाल्ली आहेत. त्या दिवशी मी त्याच्या हातातून निसटून फरशीवर कोपऱ्यावर आपटले. हा पोचा तेव्हाचा.

आवाजाने बायको धावत आली. मुंगीही तिच्या मागोमाग.

“गोळी दे गं मला,” पेंटर म्हणाला.

“सकाळी घेतलीत ना? माझ्यासमोरच घेतलीत.”

“आणखी एक दे. श्वास लागलाय.”

मुंगीने मला उचलले, उघडले आणि उजवीकडची रिकामी जागा बघून काळजीने विचारले, “आजोबा, तुमची ती दुसरी औषधं संपली म्हणून बरं वाटत नाही का? पांढरी, लांब लांब?”

“कसली लांब औषधं?” आजीने विचारले आणि मला हातात घेऊन नाकाशी नेले. टर्पेंटाइन सगळ्या कपड्यांचा वास झाकते, पण डबीच्या आतला वास झाकत नाही. तिला तो लगेच कळला.

“अगं, आता सोडली. खरंच सोडली,” पेंटर रडवेल्या आवाजात म्हणाला. “आधी सोडली नव्हती. आता सोडली.”

तिच्या डोळ्यांत किती तऱ्हेचे राग येऊन गेले ते मी पाहिले. पण तिने त्याच्या छातीवर तळवा ठेवला आणि तिचा रंगच उडाला. “भांडण नंतर,” ती म्हणाली. “आधी दवाखाना.”

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी नाडी धरली, हृदयाचा आलेख काढला आणि इस्पितळाच्या गाडीला फोन केला. एकीकडे त्या भराभर विचारत होत्या, “नवीन औषध घेतलंत का? मध्ये ताप आला होता? दुसऱ्या डॉक्टरांनी काही दिलं? जास्तीची गोळी?”

“नाही. नाही.”

“मग बदललं काय? काहीतरी बदललंय, काका. आठवा.”

पेंटरने वर पाहिले. पाटी तिथेच होती. बायकोने मला टेबलावर, त्याच्यासमोर ठेवले. मला वाटले, आता जर हा बोलला नाही, तर मी पुढे कुणाच्या छातीचे ठोके ऐकणार?

त्याने मला डॉक्टरबाईंकडे सरकवले. “मी ओढत होतो,” तो म्हणाला. “तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, तेव्हाही माझ्या खिशात होत्या. या डबीत. पेपरमिंट नव्हते. आणि आता सोडल्यात. नातीसाठी सोडल्यात.”

“कधी सोडल्यात?” डॉक्टरबाईंनी एवढेच विचारले. रागावून नाही. त्याने सांगितले आणि त्या ताडकन उठल्या. “मग सगळं जुळतंय.”

इस्पितळात रक्त तपासले. औषध हवे त्याच्या कितीतरी वर चढले होते. त्याच्या छातीला तारा लावल्या आणि पोटातले उरलेले औषध रक्तात जाऊ नये म्हणून कोळशाचे काळेकुट्ट पाणी प्यायला दिले. पेंटर म्हणाला, “जन्मभर धूर प्यालो, आता कोळसाच पितो!” बायको एकाच वेळी हसली आणि रडली. ती बाकावर मला मुठीत घट्ट धरून बसली होती. ठोके मंदावले असे नर्सने येऊन सांगेपर्यंत ती मूठ सुटली नाही.

तो जरा सावरल्यावर डॉक्टरबाई त्याच्याजवळ बसल्या. “काका, धूर शरीरात जात असतो ना, तोवर शरीर ही गोळी भराभर जाळून टाकतं. म्हणून तुमच्या रक्तात ती कमी सापडायची आणि मी ती वाढवत गेले. तुम्ही ओढणं थांबवलंत, तसं शरीराचं जाळणंही मंदावलं. गोळी मात्र तेवढीच राहिली. मग ती साचत गेली. त्यात एवढी कॉफी. तिनेही हात कापतात, धडधड वाढते.”

पेंटरचा चेहरा उतरला. “म्हणजे सोडली हेच चुकलं?”

“अहो, काय बोलता! सोडलीत हे तुमचं सगळ्यात मोठं काम. शाबास! फक्त मला सांगायचं राहिलं. सांगितलं असतंत, तर मी लगेच गोळी कमी केली असती.”

शाबास हा शब्द ऐकला आणि पेंटरने उशीत तोंड खुपसले. तो त्याला हवाच होता, आरशाखेरीज कुणाकडून तरी.

“आणि माझंही चुकलंच,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “त्या पाटीसमोर बसवून विचारलं तर खरं कोण सांगणार?”

“ती आणखी एक गोळी पोटात गेली असती तर?” बायकोने हळूच विचारले. डॉक्टरबाईंनी तिचा हात दाबला. बायकोने माझ्या अडणाऱ्या झाकणावरून अंगठा फिरवला. माझ्या सगळ्या आयुष्यातले ते सगळ्यात मोठे कौतुक.

मग डॉक्टरबाईंनी मला उघडून पट्टी बाहेर काढली आणि कपाळाला हात लावला. “हिच्यावरचं नाव कुठे आहे? ताकद कुठे आहे? तारीख? सगळं कात्रीने उडवलंत! आणि ही डबी सहा वर्षांच्या मुलीला उघडता येते? नाही काका, गोळ्या त्यांच्या स्वतःच्या वेष्टनातच राहू द्या, तिचा हात पोचणार नाही अशा जागी.” बरोबरच होते त्यांचे. तरीपण मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मला लागले. खिसा गेला, काम गेले, ते ठोके गेले. मी खिडकीत, वाळलेल्या ब्रशांच्या शेजारी पडून राहिले.

बायको त्याच्याशी बरेच दिवस कामापुरतेच बोलत होती. एकदा टाचण्यांचा ॲशट्रे त्याच्यापुढे ठेवून म्हणाली, “इतके दिवस मी याच्याकडे बघून खूश होत होते.” पेंटरने या वेळी त्या टाचण्यांकडे पाहिले. मग तीच म्हणाली, “खरी सोडलीत, तेव्हा तरी मला सांगायचं होतंत. मी तुमच्याबरोबर लवंगा खाल्ल्या असत्या.”

डॉक्टरबाईंनी गोळी पुन्हा सुरू केली, पण बरीच कमी आणि रक्त तपासून. आता पेंटर असा सुधारला आहे, की त्याचा त्रास व्हावा. औषधाच्या दुकानात तापाची गोळी घ्यायला गेला तरी सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो, “मी थिओफिलिन घेतो, सिगारेट सोडली आहे, कॉफी एकच पितो, आता सांगा हे चालेल का?” रांगेतले लोक हसतात. दुकानदार हसत नाही. एकदा त्याने एक औषध परत फळीवर ठेवले आणि आधी डॉक्टरबाईंना फोन केला.

आणि दवाखान्यातली ती पाटी उतरवली. तिच्या जागी डॉक्टरबाईंना नवी पाटी हवी होती. काय लिहायचे ते त्यांनी पेंटरवरच सोपवले. तो बराच वेळ कोऱ्या फळ्यासमोर बसून होता. मग त्याने लिहिले:

‘ओढत असाल तर सांगा. सोडली असेल तर तेही सांगा. इथे कुणी रागावणार नाही.’

हात अजिबात कापला नाही. शिरोरेषा मात्र एका दमात झाली नाही. गेलेला श्वास सगळाच परत येत नसतो, मित्रांनो. मध्यावर तो थांबला, दुसरा श्वास घेतला आणि रेघ पुढे नेली. मुंगीने लगेच बोट ठेवले. “आजोबा, इथे जोड दिसतोय!”

“दिसू दे,” पेंटर म्हणाला.

तुमच्या घरातही कुणाच्या छातीत शिट्टी वाजत असेल, कुणी रोज गोळी घेत असेल. त्यांना एवढेच विचारा, की जे डॉक्टरांना सांगितले नाही ते काय आहे? आपल्या मनाने गोळी वाढवू नका, आपल्या मनाने बंदही करू नका. आणि कुणी एखादी वाईट सवय सोडली असेल, तर कृपा करून त्याला आरशासमोर एकटे उभे राहू देऊ नका.

माझे म्हणाल, तर मी आता मुंगीची आहे. एका सकाळी तिने मला खिडकीतून उचलले, साबणाने खसाखसा घासले आणि भरून टाकले. माझ्यात पुन्हा पांढऱ्या, लांब कांड्या आहेत, पण त्या खडूच्या. ती अंगणातल्या फरशीवर आपले नाव लिहिते आणि मला फ्रॉकच्या खिशात ठेवून शिरोरेषा ओढायला वाकते. माझ्या पाठीला तिचे ठोके लागतात, भरभर, आनंदाचे. आजोबा खुर्चीतून सांगतात, “छातीभर श्वास घे. रोखून धर. आता ओढ.” ती रोखून धरते, आणि तिचा श्वास अगदी शेवटपर्यंत पुरतो.